एक खोटी खूण

निर्मळच्या तळ्यापासून भुईगावच्या दिशेला निघालं की डाव्या हाताला दोन वाड्या एकमेकींना लागून आहेत. एक हरिभाऊंची, एक दिनानाथची. दोन्हींच्या मधे निवडुंग आहे. फुलांवर आणि केळीवर जगणाऱ्या गावात निवडुंग कुणी हौसेनं लावत नाही. हरिभाऊंनी तो लावला, आणि लावताना बोटात शिरलेल्या प्रत्येक काट्यागणिक दिनानाथला एकेक शिवी घातली. पूर्वी त्या जागी कुंपणाला मुद्दाम ठेवलेली फट होती. त्या फटीतून दोन्ही घरची ताटं, कोयते आणि भांडणारी पोरं वीस वर्षं ये-जा करत होती.

हरिभाऊ म्हणजे उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. सोनचाफ्याची फुलं उतरवताना फांदीलासुद्धा कळू नये इतका हलका हात. रागही तसाच, आवाज न करणारा. दुसऱ्याचा राग भांडं आपटलं की मोकळा होतो, यांचा मुरत जातो. "लोणचं बरं," त्यांची बायको सरला म्हणायची, "ते निदान वर्षभरात संपतं तरी."

त्यांच्या आळीत पत्त्यांना मान होता. गणपतीत मंडळाच्या मांडवात मेंढीकोटची स्पर्धा व्हायची आणि तिला आरतीपेक्षा जास्त गर्दी असायची. दोघा-दोघांच्या जोड्या, जोडीदार समोरासमोर. दस्सा म्हणजे मेंढी. चारांपैकी जास्त मेंढ्या ज्यांनी पकडल्या ते जिंकले, आणि चारही पकडल्या तर समोरच्यांवर कोट चढला. बाकी ठिकाणी हा कोट नुसता तोंडी असतो. या मंडळात मात्र खराखुरा कोट होता. कुठल्याशा बंद पडलेल्या बँड कंपनीचा, लालभडक, पितळी बटणांचा, काखेत कसर लागलेला. शेवटची मेंढी ज्याच्या हातून गेली त्यानं तो घालायचा, बटणं जिंकणाऱ्यानं स्वतः लावायची, आणि आरती होईपर्यंत अंगावरून काढायचा नाही. ज्यानं तो एकदा घातला त्याला पुढचं वर्षभर पोरंटोरं बँडमास्तर म्हणून हाक मारायची.

हरिभाऊ आणि दिनानाथच्या अंगाला तो कोट कधी लागला नव्हता. मंडळाच्या खोलीतल्या विजेत्यांच्या पाटीवर त्यांची नावं एकाखाली एक इतक्या वेळा होती की रंगारी म्हणायचा, आता नुसता वर्षाचा आकडा बदलू या.

खेळताना बोलायला बंदी होती, खुणांना नव्हती. प्रत्येक जोडीच्या खुणा वेगळ्या आणि घरातल्या गोष्टीसारख्या झाकून ठेवलेल्या. या दोघांच्या खुणा विहिरीच्या कठड्यावर बसून विड्याची पानं लावता लावता ठरल्या होत्या. कानाची पाळी चिमटीत धरली म्हणजे ‘हा हात माझा, तुझी मेंढी बेधडक टाक.’ मानेवर मागून खाजवलं म्हणजे ‘माझ्याकडं काही नाही, तू सांभाळ.’ दोनच खुणा. त्यांवर इतकी वर्षं भागलं, कारण दोघांपैकी कुणीही एकदासुद्धा खोटी खूण केली नव्हती. समोरच्यांना चकवायला खोट्या खुणा करणाऱ्या जोड्या पुष्कळ होत्या. हरिभाऊंना ते हलकं काम वाटायचं.

आणि एक रीत होती. जोडी मोडली की खुणा विहिरीत. म्हणजे त्या पुन्हा कुणी वापरायच्या नाहीत, आणि जुन्या जोडीदाराच्या हातून चुकून झाल्याच, तर बघून न बघितल्यासारखं करायचं. ही रीत कुणी घालून दिली ते ठाऊक नाही, पण ती मोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या आषाढात हरिभाऊ गालाला साबण लावून न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते. न्हावी वस्तरा परजत सहज म्हणाला, "यंदा दिनानाथ त्या शत्रुघ्नबरोबर बसणार म्हणे. तुमच्या लक्षात पत्ते राहत नाहीत आताशा, असं म्हणत होता." शत्रुघ्न म्हणजे नालासोपाऱ्याला फरशीचं दुकान टाकलेला, आळीत नवा बंगला बांधलेला गडी. हरिभाऊ खुर्चीतून उठले. अर्ध्या गालाला साबण तसाच. तसेच सायकलवर बसून दिनानाथच्या दारात गेले.

"दिना, खरं का?"

"अरे, एक वर्ष गंमत म्हणून," दिनानाथ केळीचे लोंगर उचलता उचलता म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही. "तू पण जरा आराम कर की."

हे तोंडावर सांगायला काय धाड भरली होती? वीस वर्षं ज्याच्यासमोर मांडी घालून बसलो त्याची किंमत न्हाव्याच्या दुकानात कळावी, यानं हरिभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मुलाला, जितेंद्रला, जोडीला घेतलं. जितेंद्र वालीवला प्लॅस्टिकच्या कारखान्यात कामाला, पत्त्यात जेमतेम. खुणा ठरवल्याच नाहीत. नुसत्या डोक्यावर खेळून दाखवतो, हरिभाऊ म्हणाले, आणि खरंच अंतिम सामन्यापर्यंत पोचले.

समोर दिनानाथ आणि शत्रुघ्न. पहिली मेंढी गेली तेव्हा हरिभाऊंना वाटलं नशीब. दुसरी गेली तेव्हा वाटलं पत्ता चुकला. तिसऱ्या वेळी त्यांची नजर दिनानाथच्या नजरेमागं गेली. तो पत्त्यांकडं बघतच नव्हता. तो हरिभाऊंच्या डाव्या हाताकडं बघत होता, आणि तो हात हरिभाऊंच्या मानेमागं होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणासाठी नव्हतं. पण इतक्या वर्षांची सवय, हातात चांगला पत्ता आला की बोटं आपोआप कानाशी जात होती, नाही आला की मानेशी. आणि दिनानाथ सगळं वाचत होता, उघड्या पेपरासारखं.

चौथी मेंढी हरिभाऊंच्या हातून गेली. कोट आला. दिनानाथनं बटणं लावली. गळ्याचं बटण लावताना तो हळूच म्हणाला, "हरी, राग मानू नको. तुझा हात बोलत होता, मी फक्त ऐकलं."

हरिभाऊ आरती होईपर्यंत मांडवात उभे राहिले. टाळ्या वाजवत. कोटाच्या बाह्या आखूड, मनगटं बाहेर. समोर बायकांत सरला होती, आणि तिनं बघायचं नाही म्हणून मान खाली घातली होती. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी फट बुजली आणि निवडुंग आला.

पुढची पाच-सहा वर्षं हरिभाऊंनी पत्त्याला हात लावला नाही, पण डूख सोडला नाही. दिनानाथच्या मुलीच्या लग्नात मांडवाला लागणारी सगळी फुलं पाठवली, उत्तमातली, आणि स्वतः गेले नाहीत. म्हणजे जो येईल तो विचारील, फुलं कुणाची, आणि दिनानाथला नाव घ्यावं लागेल. निर्मळच्या जत्रेत दिनानाथ सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकायला बसला की हे बरोबर समोरची जागा धरायचे, आणि आपली सुकेळी गिऱ्हाइकाला चाखायला फुकट द्यायचे. सरला डोक्याला हात लावायची. "अहो, सगळी सुकेळी वाटूनच संपवणार का?" ते म्हणायचे, "त्याची विकली गेली नाहीत ना, मग झालं."

दोन हजार चारच्या जानेवारीत व्हिन्सेंट सुट्टीवर आला. व्हिन्सेंट बाजूच्या गावचा, सरलाच्या मैत्रिणीचा, उर्सुलाचा मुलगा. अमेरिकेच्या प्रवासी बोटीवर त्याची नोकरी पत्ते वाटायची होती. पत्ते पिसायचा पगार मिळतो हे ऐकून आळीतल्या अर्ध्या बापांना आपण मुलांना उगाच शाळेत घातलं असं वाटलं. संध्याकाळी मंडळाच्या पायरीवर तो त्या खेळाच्या बातम्या सांगत बसायचा. पोकर नावाचा खेळ. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, पाच पत्ते मधे सगळ्यांचे मिळून उघडे, आणि कुणाकडं काय आहे ते ओळखायचं. गेल्या वर्षी म्हणे एका साध्या हिशेबनिसानं घरच्या कॉम्प्युटरवर खेळून जागतिक स्पर्धेत जागा मिळवली आणि भल्याभल्यांना लोळवून ती स्पर्धा जिंकली. तिकडं लोक डोळे दिसू नयेत म्हणून काळा चष्मा घालून बसतात. नुसत्या श्वासावरून, मानेच्या शिरेवरून समोरच्याचा पत्ता ओळखणारे लोक आहेत.

"आणि जोडीदार?" हरिभाऊंनी विचारलं. ते सायकल धरून रस्त्यावरच उभे होते. मंडळाच्या पायरीशी ते इतक्या वर्षांत थांबले नव्हते.

"जोडीदार नसतो, हरिभाऊ. टेबलावर प्रत्येक जण एकटा."

"आणि हातात काही नसताना आहे असं दाखवलं तर?"

"त्यालाच तर ब्लफ म्हणतात. चालतं. तोच तर खेळ."

हरिभाऊंनी सायकल स्टँडला लावली आणि पायरीवर बसले.

मंडळानं आधी कां-कूं केलं, जुगार नको म्हणून. व्हिन्सेंटनं समजावलं, पैसा नाहीच, स्पर्धेत सगळ्यांना सारखी नाणी मिळतात, संपली की घरी जायचं, परत मागायची सोय नाही. शेवटी ज्याच्यापुढं सगळी नाणी जमतील तो जिंकला. नाण्यांच्या ऐवजी जितेंद्रनं वालीवच्या कारखान्यातून बाद झालेली बाटल्यांची झाकणं आणली, लाल, निळी, पांढरी. बक्षीस काय ठेवायचं यावर चर्चा चालली होती. तेव्हा हरिभाऊ बोलले. "बक्षीस काहीही ठेवा. अंतिम फेरीत हरणाऱ्याला कोट चढणार असेल तर माझं नाव लिहा."

सगळ्यांनी दिनानाथकडं बघितलं. दिनानाथ हसला. "माझं पण लिहा," तो म्हणाला.

पंधरा दिवस हरिभाऊ व्हिन्सेंटच्या ओट्यावर बसून शिकले. तीन सारखे पत्ते जोडीपेक्षा मोठे, पाच ओळीनं आले तर त्याहून मोठे, असलं सगळं त्यांनी चटकन उचललं. लक्षात राहत नाही म्हणे! पण हाताचं काय करायचं? घरी सरलासमोर सरावाला बसले तेव्हा ती चार डाव बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जोडी मोडली असेल. तुमचा हात अजून त्याच्याशीच बोलतोय."

"मांडीखाली दाबून ठेवतो."

"मग कान ओढल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार का? माझं वरण चांगलं झालं की तुम्ही तोंडानं सांगत नाही, पाळी धरता."

ते खरं होतं. त्यांनी हात मांडीखालून काढला आणि नव्यानं बघावं तसा त्याच्याकडं बघितलं. हा हात आवरायचा कशाला? बोलू दे की त्याला. त्या विचारानं त्यांना इतकी थंडगार मजा वाटली की त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

स्पर्धा रविवारी दुपारी झाली. मंडळाच्या खोलीत चादरी अंथरलेली टेबलं. व्हिन्सेंटच्या बातम्यांचा परिणाम असा की निम्मे खेळाडू गॉगल घालून आलेले, आणि दोघांनी तर घरातल्या म्हाताऱ्यांचे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे हिरवे चष्मे लावले होते. त्यांना पत्तेच दिसेनात आणि ते सगळ्यांत आधी घरी गेले. शत्रुघ्नला धीर नव्हता, प्रत्येक डावात झाकणं ढकलत सुटला आणि चहाच्या आधी रिकामा झाला. हळूहळू टेबलं उठली आणि एकाच टेबलाशी माणसं गोळा झाली.

हरिभाऊंनी त्या दुपारी आपल्या हाताला मोकळं सोडलं. चांगला पत्ता आला की कान. नाही आला की मान. एकही खूण चुकवली नाही. दिनानाथ त्याच टेबलावर येताच त्यांना दिसलं की त्याचे डोळे पत्त्यांवरून उठून त्यांच्या डाव्या हातावर स्थिरावले. जुनी सवय, जुना चोर. हरिभाऊंचा हात कानाशी गेला की दिनानाथ पत्ते टाकून द्यायचा. मानेशी गेला की झाकणं पुढं सरकवायचा, आणि हरिभाऊ पत्ते टाकून द्यायचे. एकदा हरिभाऊंनी हातात काही नसताना मान खाजवत बरीच झाकणं लावली आणि दिनानाथनं ती सगळी ओढून नेली. जितेंद्र मागून पुटपुटला, "बाबा, काय करताय?" हरिभाऊ पेरणी करत होते. खरं बोलत होते, परत परत, स्वतःचं नुकसान सोसून खरं बोलत होते.

शेवटी दोघंच उरले. खोलीत दार-खिडक्यांशी माणसं. सरला आणि उर्सुला दारात. कोट खुंटीला.

व्हिन्सेंटनं पत्ते वाटले. हरिभाऊंनी कोपरा उचलून बघितलं. दोन दस्से. दोन मेंढ्या. मधे पत्ते पडत गेले, बदामची राणी, किलवरचा दस्सा, चौकी, सत्ती, दुरी. तीन दस्से झाले. दिनानाथच्या तोंडावरून त्याला राणीची जोडी लागल्याचं हरिभाऊंना कळलं, वीस वर्षं ते तोंड समोर होतं. राणीची जोडी वाईट नाही, पण तिच्यावर सगळं लावायला माणूस कचरतो. कुणीतरी समोरून धीर द्यावा लागतो.

हरिभाऊंनी आपली सगळी झाकणं दोन्ही हातांनी पुढं ढकलली. आणि मग डावा हात वर नेला, हळू, जणू नकळत, आणि मानेवर मागून खाजवलं.

माझ्याकडं काही नाही, दिना. तू सांभाळ.

दिनानाथ बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिला. मग दिनानाथच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, ओळखीचं, जवळजवळ मायेचं. "हरी, तू सुधारणार नाहीस," तो म्हणाला आणि त्यानं सगळी झाकणं लावली. राणी उलटली.

हरिभाऊंनी एक दस्सा उलटला. मग दुसरा.

आरडाओरडा झाला, व्हिन्सेंट टाळ्या वाजवत उठला, जितेंद्रनं बापाला मिठी मारली. दिनानाथ बसून राहिला. तो पत्त्यांकडं बघत नव्हता, झाकणांकडं नव्हता. "मान खाजवलीस," तो म्हणाला. "हरी, आपली खूण खोटी केलीस?"

"तू विकलीस," हरिभाऊ म्हणाले. "मी खोटी केली. ऊठ, हात वर कर."

कोटाची बटणं त्यांनी एकेक करून लावली. घाई केली नाही. दिनानाथ जाडा, पोटावरचं बटण बसेना, तर त्याला श्वास आत घ्यायला लावून बसवलं. त्याला पाणी पाजलं, त्याच्याच विहिरीचं पाजलं, याचा आनंद हरिभाऊंना इतका झाला की तो लपवावा असं त्यांना वाटलंही नाही. मंडळाच्या मारुतीची सांजआरती होईपर्यंत ते समोर खुर्ची टाकून बसून राहिले आणि लाल कोटाकडं बघत राहिले. घरी जाताना सायकलवर शीळ घातली.

त्या रात्री सरलानं वाल केले होते. हरिभाऊंनी पहिला घास घेतला आणि कानाची पाळी धरली. सरला वाढता वाढता थांबली. "हे खरं, की खोटं?" तिनं विचारलं. ते हसले. ती हसली नाही.

भाद्रपदात मेंढीकोटची नावं द्यायची वेळ आली. हरिभाऊ ताठ मानेनं मंडळात गेले. आता कोण म्हणतो लक्षात राहत नाही? पण जोडीला कुणी मिळेना. एकाचा गुडघा दुखत होता, एकाकडं पाहुणे येणार होते, जितेंद्रची दुपारची पाळी होती. कुणी वाकडं बोललं नाही. सगळ्यांनी त्यांच्या दस्स्यांचं कौतुक केलं, आणि सगळ्यांनी समोर बसायचं टाळलं. शत्रुघ्ननंही दुसरा जोडीदार बघितला होता. हरिभाऊ खोलीतून निघणार तेवढ्यात दिनानाथ आला, आणि लिहिणाऱ्याला म्हणाला, "हरिभाऊ आणि मी. आधीसारखं."

आळीत काय आनंद झाला! रंगाऱ्यानं पाटी पुसून ठेवली. हरिभाऊंना वाटलं, आला. शरण आला. कोट घातल्यावर अक्कल आली. त्यांनी मोठ्या मनानं मान हलवली. "खुणा?" त्यांनी विचारलं.

"त्याच," दिनानाथ म्हणाला.

खेळ सुरू झाला. दिनानाथ कानाची पाळी धरायचा आणि हात त्याचाच निघायचा. मान खाजवायचा तेव्हा त्याच्याकडं खरंच काही नसायचं. फेरीमागून फेरी एकही खूण खोटी नाही. पण हरिभाऊंना पूर्वीसारखं नुसतं बघून पत्ता टाकता येईना. प्रत्येक खुणेला हातातला पत्ता अर्ध्यावर थांबायचा. कधी फिरवणार हा? आज की उद्या? ते दिनानाथच्या डोळ्यांत बघायचे आणि तिथं काही दिसायचं नाही. तरी जिंकत होते.

अंतिम सामना, समोर शत्रुघ्न आणि त्याचा नवा जोडीदार. शेवटच्या डावात पानंच वाईट आली. तीन मेंढ्या शत्रुघ्नकडं गेल्या. जिंकण्याचा प्रश्न संपला, आता एवढंच उरलं की कोट चढू द्यायचा नाही. चौथी मेंढी, बदामचा दस्सा, हरिभाऊंच्या हातात होती. हातात दोनच पत्ते, बदामचा दस्सा आणि बदामची सत्ती. शत्रुघ्ननं बदामचा राजा टाकला. आता पाळी हरिभाऊंची, आणि शेवटी दिनानाथची. दिनानाथकडं बदामचा एक्का असेल तर या हातावर दस्सा टाकला की वाचला. नसेल तर कोट.

हरिभाऊंनी वर बघितलं. दिनानाथनं डावा हात उचलला आणि कानाची पाळी चिमटीत धरली. हा हात माझा, हरी. बेधडक टाक.

हरिभाऊंना जानेवारीतली दुपार आठवली. आपणही असंच केलं होतं. आधी खरं, खरं, परत खरं, आणि शेवटी एकदा. माणसाला तसंच बांधून आणायचं असतं. हा आपलंच शिकून आलाय. त्यांनी सत्ती टाकली.

दिनानाथनं बदामचा एक्का टाकला.

हात त्याचा झाला. त्याच्याकडं उरलेली किलवरची चौकी त्यानं खाली ठेवली, शत्रुघ्नचा किलवरचा गुलाम त्यावर पडला, आणि हरिभाऊंच्या बोटातला शेवटचा पत्ता, बदामचा दस्सा, शत्रुघ्ननं उचलून नेला.

खुंटीवरून कोट आला. तो शत्रुघ्ननं चढवायचा होता. पण दिनानाथनं तो त्याच्या हातून घेतला आणि हरिभाऊंच्या पाठीमागं धरला. हरिभाऊंनी बाह्यांत हात घातले. बाह्या अजून आखूडच होत्या. दिनानाथ समोर आला आणि खालून वर एकेक बटण लावायला लागला. तेव्हा हरिभाऊंना त्याचे डोळे जवळून दिसले, आणि जानेवारीपासून हा माणूस काय घेऊन जगतोय ते सगळं एकदम दिसलं. तो शरण आला नव्हता, खऱ्या खुणांनी सूड उगवायला आला होता.

"तू खोटी खूण करशील म्हणून मी..." हरिभाऊ म्हणाले.

"नाही करणार," दिनानाथ म्हणाला. त्यानं गळ्याचं बटण लावलं आणि कॉलर सारखी केली. "तुझ्याशी मरेपर्यंत एक खोटी खूण करणार नाही. पुढच्या वर्षीही मीच बसतो समोर. नाहीतरी तुला दुसरं कोण मिळणार आहे?"

आरती सुरू झाली. हरिभाऊ टाळ्या वाजवत उभे राहिले. पलीकडं बायकांत सरला होती, आणि या वेळी तिनं मान खाली घातली नव्हती. ती सरळ त्यांच्याकडं बघत होती. त्यांच्या शेजारी दिनानाथ मोठ्या आवाजात आरती म्हणत होता, आणि म्हणता म्हणता त्याचा डावा हात कानाच्या पाळीशी गेला.